फुंकर न घालायची वस्तू

थोरल्या साडूभाऊंना, वयाने धाकट्या पण कानाने थोरल्या साडूचा वाकून नमस्कार.

स्वस्तातला रिबन मायक्रोफोन आम्हाला खरा कितीला पडला, तो हिशेब आधी मांडतो. तुम्ही जन्म विमा कचेरीत काढलात, त्यामुळे कुणी हिशेबाआधी ख्यालीखुशाली विचारली की तुम्हाला संशय येतो. तर मायक्रोफोनची किंमत, तुमचा आहे त्याच्या पावपट. त्यात मिळवा आवाज वाढवणारी एक डबी, जिची गरज नव्हती. दोन गाद्या, ज्या आता भिंतीवर झोपतात (पाहुणे आले की ते जमिनीवर झोपतात). एक फ्रिज, जो घुमतो म्हणून जिन्याखाली हद्दपार झाला आहे, आणि चहाला दूध लागलं की मला जिना उतरावा लागतो. आमच्या बाईंचा, म्हणजे तुमच्या मेहुणीचा, अबोला. शेजारच्या टेलरकाकांसमोर गेलेली माझी अब्रू. आणि आणखी एक बाब आहे, तिचा रकाना तूर्त मोकळा सोडतो. पत्र संपायच्या आत भरेन.

आता ख्यालीखुशाली. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा रक्तदाब ताईंच्या ऐकण्यात आहे ना? (आमच्या घराण्यात त्यांचं न ऐकणारा तो एकटाच उरलाय.) क्लॅरिनेटचा रियाज कसा चाललाय? शेजारी अजून तिथेच राहतात? फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. फोनवर माणूस नको तिथे मध्ये बोलतो. कागदावर तुम्हाला निमूटपणे शेवटापर्यंत यावं लागतं, आणि या मजकुराला तुम्ही शेवटापर्यंत येणं फार जरुरीचं आहे.

मूळ गोष्ट तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून शेजारच्या टेलरकाकांना रोज पेपर वाचून दाखवतात. काकांची नजर गेली. हयातभर सुईत दोरा ओवला, आता समोरचा दिवा लागलाय की नाही तेही कळत नाही, पण जीभ अजून कात्रीसारखी चालते. त्यांच्याकडे एका संस्थेची बोलकी पुस्तकं येतात. न दिसणाऱ्यांसाठी कुणीतरी अख्खी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतं, तशी. काका म्हणाले, "बाई, त्यातले निम्मे वाचणारे जांभया देत वाचतात. तुम्ही वाचा की!" बाईंनी फोनवरच एक उतारा वाचून पाठवला. संस्थेकडून उत्तर आलं की वाचन उत्तम, उच्चार स्वच्छ, समज दांडगी, पण तुमचा 'स' आणि 'श' कानाला टोचतो. आमची माणसं कानात यंत्र घालून तासन् तास ऐकतात. महिनाअखेरीपर्यंत चांगल्या व्यवस्थेत पुन्हा नमुना पाठवता आला तर जरूर विचार करू.

बाईंनी एकच कपाट दोनदा पुसलं. मी म्हणालो, "टोचतो म्हणजे काय? मला तर इतकी वर्षं कधी टोचला नाही!" त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी काय टोचलंय?" पण मला कळलं होतं. शेवटच्या बाकावरच्या कार्ट्यापर्यंत पोचवता पोचवता जो आवाज तासला गेला, त्याच आवाजाला आता धार जास्त झाली म्हणून परत पाठवलं होतं. शाळा सुटल्यापासून बाईंना कुणी 'बाई, पुढे काय झालं?' म्हणून विचारलं नव्हतं, टेलरकाका सोडून. त्यांना हे काम हवं होतं. मागितलं नाही त्यांनी, पण मला हवं तेव्हा ऐकू येतं.

आणि कानाच्या बाबतीत माझ्याशी कुणी बोलायचं काम नाही, हे तुम्हीही जाणता. गाडी कोपऱ्यावर वळते तेव्हा मी दुसऱ्या गाडीखाली उताणा असतो, तरी तिथूनच सांगतो की हिचा तिसरा सिलिंडर झोपलाय. पाना धरायला कुणी शिकवलं नाही मला; कानाने शिकलो, कानावर गॅरेज उभं केलं. तेव्हा मायक्रोफोन निवडणं ते काय! तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात रिबन घ्या, टोकदार आवाजाची टोकं तोच घासतो, पण घ्यायचा तर माझ्यासारखा घ्या, स्वस्तातल्याच्या नादी लागू नका. मी म्हणालो, तुमचा तुलनेला पाठवा, मी पावपट किमतीत त्याच्या तोडीचा शोधून दाखवतो. तुम्ही मोठ्या मनाने पाठवलात, त्या मखमली अस्तराच्या लाकडी पेटीतून, आणि सोबत सूचना की उभाच ठेवा. उभाच ठेवलाय. अजून उभा आहे.

मग दुकान. टायरवाल्याच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्याचं. दुकानदार तरुण, मागे केसांची शेपटी बांधलेला, आणि बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागलं (ही हल्लीची पिढी तोंडातल्या तोंडात बोलते). त्याने तीन स्वस्तातले रिबन मायक्रोफोन काढून टेबलावर उभे केले. म्हणाला, "काका, साधा मायक्रोफोन माशीचे पंखसुद्धा ऐकतो. हा तसा नाही. याच्या पोटात ॲल्युमिनियमची पट्टी असते, चॉकलेटच्या चांदीपेक्षा कितीतरी पातळ, दोन लोहचुंबकांच्या मध्ये सैलसर टांगलेली. आवाजाने ती हलते. अगदी टोकदार आवाजाला ती झटकन धावत नाही, म्हणून टोकं बोथट होतात." मी विचारलं, स्वस्तात आणि महागात फरक काय? तो म्हणाला, पट्टी थोड्याफार फरकाने तीच, फरक चुंबकाच्या ताकदीत, आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि बनवणाऱ्याच्या हाताच्या सफाईत. स्वस्तातला चांगला असू शकतो, पण एकसारखे दोन निघतीलच असं नाही. म्हणून स्वतःच्या कानाने ऐकून घ्यायचा. आणि याचा आवाज मुळात क्षीण, त्यामुळे मागे ताकदवान यंत्र हवं.

प्रामाणिक माणूस. मला आवडला. मी पहिला मायक्रोफोन उचलला, जाळीवर धूळ दिसली, आणि आम्हा गॅरेजवाल्यांना जी सवय असते (कार्ब्युरेटरचं जेट असो, प्लग असो, फिल्टर असो, हातात आलेली वस्तू आधी फुंकून साफ करायची) तसे गाल फुगवले, तोच तो काउंटरवरून जवळजवळ माझ्या अंगावर आला. "काका! फुंकू नका! मेली ती! एका फुंकरीत पट्टी ताणली जाते, जुन्या पायजम्याच्या नाडीसारखी लोंबते, मग आवाज येतो तो गोधडीतून आल्यासारखा!" मी दचकलो. जरुरीपेक्षा जरा जास्तच दचकलो. तो म्हणाला, "एवढं काय काका, वाचली ना!" मी म्हणालो, "ही वाचली." आणि विषय बदलला.

तिन्ही ऐकले. डोळे मिटून, मान तिरकी करून, ओठ दाबून, जसं इंजिन ऐकतो तसं. शेपटीवाला आदराने बघत होता. मधल्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "कान आहे काका तुम्हाला." (हे वाक्य मी घरी आल्यावर बाईंना जसंच्या तसं सांगितलं. एकदाच नाही.)

घरी तुमच्या मायक्रोफोनशी समोरासमोर तुलना केली. साडूभाऊ, राग मानू नका, पण आमच्यापुढे तुमचा दमलेला वाटला. आवाज मंद, मळकट, कुठेतरी लांबून आल्यासारखा. मोठ्या नावाच्या वस्तूंचं असं होतं कधीकधी. आमचा पावपट किमतीचा गडी मात्र टुणटुणीत. मी तेव्हाच तुम्हाला फोन करून छाती फुगवणार होतो, पण म्हटलं, राहू दे. कशाला दुखवायचं.

मग खोली तयार केली. मागची लहान खोली, जिथे आधी इस्त्रीचं टेबल होतं. भिंतींना गाद्या. खिडकीला जाड पडदा. स्टँडवर मायक्रोफोन आडवा लावला आणि त्याचं टोक बरोबर बाईंच्या तोंडासमोर आणलं, सभेत वक्त्याच्या तोंडाशी धरतात तसं. बाईंना खुर्चीत बसवलं, बजावलं की हलायचं नाही, कागद वाजवायचा नाही. ज्या बाईने वर्गात कधी खुर्चीला पाठ टेकली नाही, जी बाकांमधून फेऱ्या मारत मारत शब्द सांगायची, तिला मी खिळवून ठेवलं. आणि मी स्वतः बाजूला, मायक्रोफोनच्या काखेशी म्हणा ना, स्टूल टाकून, कानावर हेडफोन, हातात बिस्किट.

बाई वाचू लागल्या. आवाज येईना. म्हणजे येत होता, पण कसा, तर पलीकडच्या गल्लीत कुणीतरी वाचतंय असा. मी म्हणालो, शेपटीवाल्याने सांगितलंच होतं, याचा आवाज मुळात क्षीण. पुन्हा दुकानात गेलो, ताकद वाढवणारी डबी आणली. वाढवली ताकद. आता बाई थोड्या जवळ आल्या, आणि दुसरं काहीतरी फारच जवळ आलं. कुणाचा तरी श्वास. स्टुलाची करकर. मी ओठांतल्या ओठांत 'वा' म्हणायचो, 'जरा सावकाश' म्हणायचो, तेही मला हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू यायचं. मी समजलो, माझेच कान, आणखी तयार झालेत. आणि मुख्य गोष्ट, 'स' टोचत नव्हता! मुळीच नाही! मी बाईंना म्हणालो, "बघा, 'स'ची नांगीच मोडली!" त्या म्हणाल्या, "नांगी मोडली की विंचूच पळाला, ते बघा आधी."

पडताळणीला टेलरकाकांना बोलावलं. ते ऐकत बसले. मग म्हणाले, "बाई विहिरीत पडल्यात वाटतं. आणि साहेब माझ्या मांडीवर बसून बिस्किट खातायत." मी म्हणालो, काका, पुन्हा ऐका. ते म्हणाले, "ऐकलं. खारं होतं बिस्किट." बाई उठून आत गेल्या. त्या दिवसापासून अबोला. महिना संपत आला होता. मी रोज डबीचा खटका फिरवायचो, गादी इकडची तिकडे करायचो, फ्रिज खाली ढकलला तो याच काळात, आणि बाई रोज येऊन खुर्चीत बसायच्या, वाचायच्या, न बोलता निघून जायच्या. ते न बोलता निघून जाणं, साडूभाऊ, फ्रिजपेक्षा जड होतं.

एका दुपारी मी म्हणालो, "बाई, तुम्ही जरा घसा मोकळा करून वाचा, यंत्रात दोष नाही." आणि बांध फुटला. पुस्तक खुर्चीवर आपटून त्या उठल्या. जन्मभर उभ्याने बोललेली बाई. बसून रागावणं त्यांना जमतच नाही. खोलीत फेऱ्या घालत सुरू झाल्या. "इतकी वर्षं लोकांच्या गाड्या ऐकल्यात, एक बायको नीट ऐकता येत नाही तुम्हाला! घसा मोकळा करू म्हणे! साठ पोरांच्या वर्गात माझा आवाज कधी कमी पडला नाही, आणि तुमच्या या सव्वा वितीच्या डबड्याला तो पोचत नाही? सांगू का कशामुळे? तुम्ही एका जागी बसवून..." आणि एवढ्यात फेरी घालता घालता त्या माझ्या बाजूला आल्या, आणि हेडफोनमध्ये काय सांगू! भट्टीतून ताजा पाव काढावा तसा आवाज. भरलेला, गरम, गोल. संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची रेघ नुसती उड्या मारत होती. मी ओरडलो, "थांबा! तिथंच थांबा! बोला! आणखी रागवा!" साडूभाऊ, हे वाक्य नवऱ्याने बायकोला कधी म्हणू नये. पण त्या थांबल्या नाहीत म्हणूनच मला फरक कळला. त्या टोकासमोर गेल्या की आवाज विहिरीत, बाजूला आल्या की मांडीवर, पुन्हा टोकासमोर, पुन्हा विहिरीत.

मी उठून मायक्रोफोन उभा केला आणि मला माझंच हसू आलं. या गड्याचं तोंड डोक्यावर नसतंच. छातीवर असतं, आणि तेवढंच पाठीवर. पुढून ऐकतो, मागून ऐकतो. डोक्याला आणि खांद्यांना तो ठार बहिरा. मी बाईंना त्याच्या टाळूपुढे बसवलं होतं आणि स्वतः त्याच्या छातीशी बसून बिस्किटं खात होतो. बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तो तुमच्याकडे बघत होता?" मी म्हणालो, हो. "आणि माझ्याकडे त्याने डोक्याचा नुसता शेंडा केला होता?" मी म्हणालो, हो. "मग तुमचाच आहे तो," त्या म्हणाल्या, आणि अबोला सुटला.

मग मी स्टूल उचलून बाहेर गेलो. बाईंनी उभ्यानेच वाचलं, समोर शेवटचा बाक आहे असं समजून, पण आता तो शेवटचा बाक हातभर अंतरावर होता, म्हणून आवाज तासावा लागला नाही. टेलरकाकांना ऐकवलं. त्यांनी एकदा ऐकून पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "बाई, आधी 'स' आला की सुई टोचायची. आज दोरा ओढल्यासारखा गेला." बाईंनी त्यांच्यासाठी चहा ठेवला, आणि मी आनंदाने जिना उतरून दूध आणलं.

नमुना मीच पाठवला. घाई होती, शेवटचा दिवस होता, त्यामुळे आधीचा भाग कापायचा राहिला. दोन दिवसांनी संस्थेच्या मुख्य बाईंचा फोन. आमच्या बाईंनी घेतला, मी शेजारी उभा. त्या म्हणत होत्या की निवड झाली आहे, आवाज सुंदर आहे, अख्ख्या कचेरीने ऐकला, वाचन तर छानच, पण सुरुवातीला जो रागावण्याचा उतारा वाचलाय तो कुठल्या पुस्तकातला? बाईंनी माझ्याकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, "अजून छापायचं आहे."

पहिलं पुस्तक आलंय, मधमाश्या पाळण्यावर, चांगलं जाडजूड. बाई दुपारी दार लावून घेतात आणि वाचतात. मायक्रोफोन मागूनही ऐकतो, त्यामुळे मला खोलीत मज्जाव. मी गॅरेजमध्ये बसतो. टेलरकाका मात्र दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि दार उघडलं की विचारतात, "मग? राणीमाशीचं पुढे काय झालं?"

ताईंना नमस्कार. आमच्याकडे एकदा या, गाद्या उतरवतो.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. रकाना. तुमचा मायक्रोफोन आमच्यापुढे दमलेला वाटला, असं वर लिहिलंय. तो का दमला, ते सांगायचं राहिलं. पेटी उघडली त्या दिवशी, म्हणजे दुकानात जाण्याआधी, जाळीवर धुळीचा एक कण दिसला. एकच. बाकी तुम्ही जाणताच. इंजिनाखाली आयुष्य गेलंय, फुप्फुसं आपोआप चालतात. तुम्हीही उभा ठेवा म्हणून सांगितलंत, फुंकू नका म्हणून नाही, तेव्हा थोडी चूक तुमचीही धरा. शेपटीवाल्याच्या ओळखीचा एक कारागीर नवीन पट्टी बसवतो. खर्च माझा, त्याबद्दल बोलूही नका. पण तो म्हणतो, पट्टी आधीइतकीच पातळ बसवू की जरा जाड, हे मालकानेच सांगावं लागेल, कारण आवाज त्यावर ठरतो. जाड फुंकर सोसते, पातळ गोड वाजते. तर तेवढं उलट टपाली कळवा. खरं म्हणजे या पत्राचं काम तेवढंच होतं. तोवर क्लॅरिनेटसाठी म्हणून आमच्यासारखाच दुसरा, पावपट किमतीचा, पार्सलने पाठवलाय. छातीकडून वाजवा.

ता. क. २. ताईंवर चिडू नका. बाईंनी त्यांना फुंकरीचं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. 'अजून तुलना चालू आहे' असं त्या इतके दिवस तुम्हाला सांगत आल्या, ते आमच्यासाठी नाही, तुमच्या गुडघ्यासाठी. रागाने उठलात की तो दुखतो.

ता. क. ३. दुकानातले तिन्ही मायक्रोफोन मला सारखेच वाटले होते. मधला हाताशी होता. बाईंनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, 'स', 'श', शिट्टी, पाखरं, फोनवरचं निम्मं बोलणं, यातलं काही मला गेली कित्येक वर्षं ऐकू येत नाही. इंजिनं तेवढी ऐकू येतात. तेव्हा फोन करायचाच झाला तर बाईंना करा. डाव्या कानाचं यंत्र मिळालंय, उजव्याचं यायचं आहे.